१८.२ किलोहर्ट्झवर गुरुवारी संध्याकाळी उंचवटा आला, सूर्य की मंडपाच्या माळा?

तांब्याची_तार (कोथरूड) – ४ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. काल गुरुवारी, घटस्थापनेच्या संध्याकाळी, माझ्या रेडिओ सिग्नलच्या ग्राफवर एक उंचवटा आलाय आणि तो आकाशातला आहे की आमच्या सोसायटीतला हेच ठरत नाहीये.

आधी सेटअप सांगतो. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, वर गच्ची. गच्चीवर लाकडी पट्ट्यांची एक मीटर बाजूची चौकोनी फ्रेम, त्यावर २६ गेजच्या वाइंडिंग वायरचे ५० वेढे, हाच माझा लूप अँटेना. म्हणजे २०० मीटर तार झाली, तपकीर गल्लीत वजनावर घेतली, साधारण ३०० ग्रॅम भरली. लूपला समांतर १० नॅनोफॅरडच्या आसपास कपॅसिटर लावून १८.२ वर ट्यून केलाय, पुढे एनई५५३४ या चिपचा प्रीअँप (सिग्नल मोठा करणारं सर्किट) दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर, तिथून शील्डेड केबल खाली घरात यूएसबी साउंड कार्डला. सॅम्पलिंग ९६ हजार, सॉफ्टवेअर स्पेक्ट्रम लॅब. लूपची कड आग्नेयेपेक्षा जरा दक्षिणेकडे वळवून ठेवलीये कारण तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळचं नौदलाचं १८.२ वर प्रक्षेपण करणारं व्हीटीएक्स स्टेशन त्या दिशेला येतं, पुण्यापासून सरळ रेषेत साधारण १२०० किमी.

१ सप्टेंबरपासून दर पाच सेकंदाला त्या सिग्नलची पातळी नोंदवतोय. गणपतीचे दहा दिवस सोडले तर (तेव्हा मांडवाच्या लायटिंगमुळे काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं) रोजचा ग्राफ आता ओळखीचा झालाय, रात्री वरखाली हलत राहतो, उजाडताना एक खोल खड्डा, मग दिवसभर जवळजवळ सपाट आणि दिवेलागणीला परत हालचाल.

काल संध्याकाळी ५:४० च्या सुमारास पातळी वर जायला लागली, दहा मिनिटांत साधारण ३ डीबी (डेसिबल, म्हणजे ताकद जवळजवळ दुप्पट) चढली, ५:५० ला माथा आणि मग सवा सहापर्यंत हळूहळू उतरली, त्यानंतर नेहमीची सूर्यास्ताची गडबड सुरू. महिनाभरात असं एकदाही झालेलं नाही. पण नेमकं कालच खाली नवरात्राचा मंडप सजला आणि एलईडीच्या माळा आणि दोन मोठे फोकस साडेपाच ते सहाच्या मध्ये कधीतरी चालू झाले. घरातल्यांचं म्हणणं की यात विचार करण्यासारखं काय आहे, दिवे लावले आणि तुझा ग्राफ हलला. मला ते पटतही नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

तर प्रश्न असा की घरातला आवाज (म्हणजे विजेच्या उपकरणांची खरखर) आणि आयनोस्फिअरमधला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांमधला, बदल हे दोन वेगळे कसे ओळखायचे? फक्त कालच्यापुरतं नाही, कायमचं. कारण हे जमलं नाही तर महिनाभराच्या नोंदींवर विश्वास कसा ठेवू?

---

वाइंडिंग_काका (सदाशिव पेठ) – ४ ऑक्टोबर २०२४, रात्री ११:३५

महिनाभर सलग नोंद ठेवलीत याचं आधी मनापासून कौतुक. बहुतेक जण लूप बांधतात, दोन दिवस धबधबा (स्क्रीनवर सरकत जाणारं फ्रिक्वेन्सींचं चित्र, त्यात प्रत्येक स्टेशनची एक रेघ) बघतात आणि सोडून देतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आकारात आहे. दिवा लागतो तेव्हा ग्राफला पायरी पडते, एका क्षणात वर, मग सपाट, आणि दिवा विझला की एका क्षणात खाली. तुम्ही लिहिलंय दहा मिनिटांत चढला आणि पंचवीस मिनिटांत उतरला. भराभर चढ आणि रेंगाळत उतार, हा सौर ज्वालेचा म्हणजे सोलर फ्लेअरचा आकार आहे. एलईडीची माळ पंचवीस मिनिटं घेऊन हळूहळू विझत नाही.

आणि काल फ्लेअर झालीच आहे हो! एक्स ९.० वर्गाची (एक्स हा सगळ्यात जोरदार वर्ग), २०१७ नंतरची सगळ्यात मोठी. जागतिक वेळेनुसार १२:०८ ला सुरू, १२:१८ ला माथा. त्यात साडेपाच तास मिळवा, आपल्याकडे ५:३८ ला सुरू आणि ५:४८ ला माथा. तुमचा माथा ५:५० ला आहे. तो दोन मिनिटांचा उशीरसुद्धा बरोबर आहे, कारण क्ष-किरण कमी व्हायला लागले तरी वरच्या थरात मोकळे झालेले इलेक्ट्रॉन लगेच परत जोडले जात नाहीत, त्यामुळे व्हीएलएफचा (अशा अतिशय कमी फ्रिक्वेन्सीच्या सिग्नलचा) माथा क्ष-किरणांच्या माथ्यापेक्षा थोडा मागून येतो. काल पुण्यात सूर्यास्त ६:२० च्या पुढे होता, म्हणजे सूर्य खाली आलेला होता पण मावळलेला नव्हता. दुपारी बाराला हीच फ्लेअर झाली असती तर तुमचा उंचवटा याहून बराच मोठा दिसला असता असं मला वाटतं.

पण एवढ्यावर थांबू नका. वेळ जुळली म्हणून कारण जुळलं असं होत नाही, विशेषतः दिवेसुद्धा त्याच अर्ध्या तासात लागलेत तेव्हा. माझी एक सवय सांगतो, ती आजपासून लावून घ्या. जिथे कुठलंच स्टेशन नाही अशी एक रिकामी फ्रिक्वेन्सी निवडा, तुमच्याकडे २०.६ किंवा २१ च्या आसपास कुठे शांत दिसतं ते बघा, आणि तिचीही पातळी व्हीटीएक्सच्या बरोबरीने नोंदवा, तेवढ्याच बँडविड्थने (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याच्या रुंदीने). एलईडीच्या ड्रायव्हरचा आवाज एका रेघेवर बसत नाही, सगळ्या पट्ट्यात पसरतो, तो आला की रिकामी जागासुद्धा वर उचलली जाणार. आयनोस्फिअर बदललं तर स्टेशनची रेघ बदलेल आणि रिकामी जागा जवळजवळ तशीच राहील. जवळजवळ म्हणतोय कारण मोठ्या फ्लेअरला लांबच्या विजांचा कडकडाटसुद्धा थोडा जोरात ऐकू येतो, पूर्वी २७ किलोहर्ट्झवर फक्त तेवढंच मोजून फ्लेअर पकडायचे. पण तोही चढ हळूच येतो, पायरी नसते.

स्पेक्ट्रम लॅबने काल संध्याकाळचे धबधब्याचे स्क्रीनशॉट सेव्ह केले असतील तर आत्ताच बघा. आणि मंडपाचे दिवे नक्की किती वाजता लागले ते वॉचमनला विचारा.

---

अवकाशवेडी (कर्वेनगर) – ५ ऑक्टोबर २०२४, सकाळी ८:१५

काका, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रेडिओतलं फारसं कळत नाही पण सूर्यावरचं नियमित वाचते. १ तारखेला पण एक्स ७.१ ची फ्लेअर झाली होती ना, मग त्यांना ती का दिसली नाही? आणि दुसरं, एवढ्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर फ्लेअरचा परिणाम का होतो? आमच्या पुस्तकात लिहिलंय की डी थर (आयनोस्फिअरचा सगळ्यात खालचा थर) रेडिओ लहरी शोषून घेतो, मग थर दाट झाला तर सिग्नल कमी व्हायला पाहिजे, वाढला कसा?

---

वाइंडिंग_काका (सदाशिव पेठ) – ५ ऑक्टोबर २०२४, सकाळी ९:५०

दोन्ही प्रश्न चांगले आहेत, सावकाश लिहितो.

१ तारखेची फ्लेअर जागतिक वेळेने रात्री १०:२० ला झाली, म्हणजे आपल्याकडे २ तारखेच्या पहाटे ३:५०. तेव्हा सूर्य आपल्या पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे. क्ष-किरण पृथ्वीतून आरपार येत नाहीत, ज्या बाजूला ऊन त्याच बाजूला परिणाम. मे महिन्यात १४ तारखेला एक्स ८.७ झाली होती ती पण आपल्या रात्री सव्वादहानंतर, इथे काहीच दिसण्यासारखं नव्हतं. आणि ११ मेची एक्स ५.८ सकाळी ६:५३ ला, ती दिवसातली. त्यामुळे पुण्यात बसून लॉग ठेवणाऱ्याला आकड्याइतकंच घड्याळही महत्त्वाचं.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या पुस्तकातलं शॉर्टवेव्हसाठी खरं आहे. शॉर्टवेव्ह लहर डी थरातून आरपार वर जाते, वरच्या थरावरून परत फिरते आणि पुन्हा डी थरातून खाली येते, त्या दोन फेऱ्यांत शोषली जाते. फ्लेअर झाली की शॉर्टवेव्ह दिवसा एकदम गप्प होतो तो त्याचमुळे. व्हीएलएफ लहर मात्र डी थरात शिरतच नाही फारशी, त्याच्या तळावरूनच परत फिरते. १८.२ किलोहर्ट्झची तरंगलांबी साडेसोळा किलोमीटर आहे, आणि डी थराचा तळ दिवसा ७० किमीच्या आसपास, रात्री ८५ ते ९० किमी. खाली जमीन, वर तो तळ, मधे लहर. एका प्रचंड बोगद्यातून आवाज जावा तशी ती जाते, म्हणून हजारो किलोमीटर फार न घटता पोचते.

एरवी हा थर सूर्याच्या १२१.६ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांनी तयार होतो, ते हवेतल्या नायट्रिक ऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन सुटे करतात. फ्लेअरमध्ये एक नॅनोमीटरपेक्षा लहान तरंगलांबीचे क्ष-किरण येतात, ते आणखी खोल घुसतात आणि थराचा तळ काही किलोमीटर खाली आणतात, शिवाय त्याची कड जास्त धारदार होते. गच्चीवर पाणी मऊ चिखलात न जिरता फरशीवरून वाहावं तसं, परत फिरताना लहरीचं नुकसान कमी होतं. म्हणून सिग्नल बहुतेक वेळा वाढतो.

बहुतेक वेळा, नेहमी नाही. बोगद्यात एकापेक्षा जास्त वाटांनी लहर येते आणि आपल्यापर्यंत पोचताना त्या एकमेकींत मिसळतात. छत खाली आलं की मिसळण्याचं गणित बदलतं, काही अंतरांवर ते एकमेकींना खोडतात आणि फ्लेअरला सिग्नल उलट खाली जातो. उजाडतानाचा खड्डापण त्यातूनच येतो, सकाळची सीमारेषा वाटेवरून सरकत असते, अर्धा बोगदा उंच आणि अर्धा बुटका. त्यामुळे एका ठिकाणी वर आणि दुसऱ्या स्टेशनवर खाली असं दिसलं तर घाबरू नका, उलट तो पुरावाच आहे, कारण मंडपाच्या माळा एक स्टेशन वर आणि एक खाली असं करू शकत नाहीत.

सूर्याचं वाचताच आहात तर आदित्य-एल१ चंही बघा, त्यावर क्ष-किरण मोजणारी दोन उपकरणं आहेत, सोलेक्स आणि हेलिओस, आणि सूर्याचे अतिनील फोटो काढणारा सूट तर पुण्यातल्या आपल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतच बनलाय. अमेरिकेच्या गोज उपग्रहांचा क्ष-किरणांचा ग्राफ मिनिटामिनिटाला उघडा असतो, तो शेजारी ठेवून स्वतःचा लॉग बघायचा, यासारखी शाळा नाही.

---

भोरकर (भोर तालुका) – ५ ऑक्टोबर २०२४, दुपारी ३:२०

वाचून राहवलं नाही. माझाही लूप आहे, शेतावर, कोथरूडपासून सरळ रेषेत दक्षिणेला ४० किमी तरी असेल. फ्रेम दीड मीटरची, ट्यून केलेला नाही. त्यामुळे १८.२ सोबत १९.८ चं ऑस्ट्रेलियाचं एनडब्ल्यूसीपण लॉग होतं, ते पुण्यापासून सहा हजार किलोमीटरच्या पुढे आहे पण मेगावॅटचा ट्रान्समीटर आहे, दिवसा छान येतं.

३ तारखेचा माझा ग्राफ काढला. व्हीटीएक्स ५:४४ ला चढायला लागलं आणि माथा ५:५४. बघून वाटलं की कोथरूडशी जुळत नाही, चार मिनिटांचा फरक आहे म्हणजे आपली दोघांची कारणं वेगळी. मग लक्षात आलं की शेतावरच्या लॅपटॉपला इंटरनेट नाही, घड्याळ महिनोन्महिने लावलेलं नाही. आज सकाळी जाऊन मोबाइलच्या जीपीएसच्या वेळेशी ताडून बघितलं तर लॅपटॉप बरोब्बर चार मिनिटं पुढे! ते वजा केलं की ५:४० आणि ५:५०. माझ्याकडे नवरात्राच्या माळा नाहीत, मंडप नाही, सगळ्यात जवळचं घर अर्ध्या किलोमीटरवर आहे आणि त्या वेळी मोटरचा फेज पण नव्हता, लॅपटॉप बॅटरीवर होता. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं.

एनडब्ल्यूसीवर मात्र त्या वेळी काही खास नाही, नुसती हालचाल आहे. तिकडे तेव्हा रात्र होऊन गेली होती, निम्मी वाट अंधारात.

एक विनंती, जे कोणी लॉग ठेवतात त्यांनी घड्याळ इंटरनेटवरून रोज आपोआप लागतंय ना ते बघाच. आणि विंडोजमध्ये साउंड कार्डच्या सेटिंगमधलं ऑडिओ एन्हान्समेंट आणि आवाज आपोआप कमीजास्त करणारं जे काही असेल ते बंद करा, माझे पहिले तीन आठवडे त्यात वाया गेले, सिग्नल वाढला की कार्ड आपणहून दाबायचं आणि मी म्हणायचो आयनोस्फिअर किती स्थिर आहे.

---

सिंहगडरोडवाला – ५ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:०५

मस्त धागा. मी हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला आहे, लायसन आहे, पण आजवर शॉर्टवेव्ह आणि व्हीएचएफवरच. युरोपातले हौशी लोक ८.२७० किलोहर्ट्झवर स्वतः प्रक्षेपण करतात असं वाचलं. आपण पुणे ते भोर असा प्रयोग करू शकतो का? माझ्याकडे २०० वॅटचा ऑडिओ अँप्लिफायर आहे, गच्चीवर दहा मीटरचा पोल आहे.

---

वाइंडिंग_काका (सदाशिव पेठ) – ५ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:३०

आधी कायद्याचं. आपल्या लायसनवर जे पट्टे लिहिलेत त्याबाहेर प्रक्षेपण करायचं नाही, आणि हा पट्टा त्यात नाही. युरोपात ज्यांनी केलं त्यांनी आपापल्या देशातल्या नियमाप्रमाणे केलं. इथे करायचं तर लेखी परवानगी मागावी लागेल, ती मिळेपर्यंत फक्त ऐकणं.

आता विज्ञानाचं, कारण ते फार सुंदर आहे. ८.२७० ची तरंगलांबी ३६ किलोमीटर. पाव तरंगलांबीचा उभा अँटेना म्हणजे नऊ किलोमीटर उंच. तुमचा दहा मीटरचा पोल त्यापुढे इतका आखूड आहे की त्याचा रेडिएशन रेझिस्टन्स (हा जितका जास्त तितकी शक्ती आकाशात जाते) येतो साधारण ३० मायक्रोओहम. म्हणजे त्यात एक पूर्ण अँपिअर ढकललात तरी आकाशात जाणारी शक्ती ३० मायक्रोवॅट, आणि एक अँपिअर ढकलायलाच प्रचंड लोडिंग कॉइल लागेल आणि अँटेनाच्या टोकाला हजारो व्होल्ट चढतील, ते जिवाशी खेळणं आहे. बाकी सगळे वॅट कॉइल आणि जमीन तापवण्यात जातात. तरीही ते लोक शेकडो, कधी हजारो किलोमीटरवर ऐकू जातात, कारण ऐकणारा अतिशय चिंचोळा पट्टा लावून तासन्‌तास सिग्नल साठवतो. सहा तास साठवलं तर पट्ट्याची रुंदी हर्ट्झच्या दशलक्षांश भागात, पन्नासएक मायक्रोहर्ट्झपर्यंत खाली येते आणि तितका विजांचा कडकडाट गाळला जातो. पण त्यासाठी साउंड कार्डचं घड्याळ जीपीएसच्या सेकंदाच्या ठोक्याला बांधावं लागतं, नाहीतर कार्डच सहा तासांत सरकतं.

तर तुमचा अँप्लिफायर राहू द्या, जीपीएसचं मॉड्यूल घ्या. स्टीरिओ कार्डच्या एका चॅनेलवर लूप, दुसऱ्यावर जीपीएसचा ठोका. ऐकण्याची बाजू तयार ठेवलीत तर उद्या परवानगी मिळाल्यावर अर्धं काम झालेलं असेल.

आणि भोरकर, जमिनीतून जाणारा भागसुद्धा करून बघण्यासारखा आहे. समुद्राच्या पाण्यात १८ किलोहर्ट्झची लहर दोनेक मीटरला एक तृतीयांशावर येते, तरी पाणबुड्या थोड्या खोलीवरून ऐकतात, त्यासाठीच तर ही स्टेशनं उभी आहेत. आपला दख्खनचा कातळ त्यापेक्षा कितीतरी कमी वाहक आहे, लहर त्यात कित्येक मीटर, कोरड्या कातळात दहा-वीस मीटर आणि पुढेही उतरते. जवळ एखादी लेणी किंवा रिकामी कोरडी विहीर असेल आणि कुणी सोबत असेल तरच, आत जाऊन हातातल्या लूपने व्हीटीएक्स किती कमी होतं ते मोजा. ब्रिटनमधल्या गुहांत बचावाचं काम करणारे लोक ८७ किलोहर्ट्झचे सेट वापरतात ते याच तत्त्वावर.

---

तांब्याची_तार (कोथरूड) – ६ ऑक्टोबर २०२४, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार, खूप शिकलो दोन दिवसांत. सांगितलेलं सगळं केलं.

धबधब्याचे स्क्रीनशॉट सापडले. ३ तारखेला ५:४० पासून १८.२ ची रेघ उजळ होत गेलीये आणि तिच्या आजूबाजूची रिकामी जागा तशीच काळी आहे. मग ५:५६ ला अख्खा पट्टा एकदम फिकट झालाय, वरपासून खालपर्यंत, एका ओळीत. वॉचमनला विचारलं, तो म्हणाला सहाच्या आरतीआधी पाच मिनिटं लावतो. म्हणजे दिवे लागले तेव्हा माझा उंचवटा उतरणीला लागून सहा मिनिटं झाली होती. ग्राफ मोठा करून बघितला तर ५:५६ ला उतारावर एक बारीकशी पायरी आहे, अर्धा डीबीसुद्धा नसेल, मी ती आधी बघितलीच नव्हती.

४, ५ आणि आज ६, तिन्ही संध्याकाळी दिवे त्याच वेळी लागले, तिन्ही दिवशी ती बारीक पायरी आहे आणि उंचवटा एकदाही नाही.

आज दुपारी लूप आडवा फिरवूनपण बघितला, म्हणजे कड पूर्व-ईशान्येकडे आणि व्हीटीएक्स बरोब्बर अंगावर. सिग्नल जवळजवळ गायब झाला. संध्याकाळी तसाच ठेवून दिवे लागायची वाट बघितली, आवाज मात्र होता तेवढाच आला. म्हणजे तो आवाज त्या दिशेचा नाही, इमारतीच्या वायरिंगमधूनच येतोय. गच्चीवरून येणारी केबल लिफ्टच्या केबलजवळून खाली आणलीये, ती बदलणार आहे.

एक गोष्ट मात्र कळत नाही, दुपारी एक ते चारमध्ये माझी पातळी रोज थोडी खाली जाते आणि पाचला परत वर. भोरकरांकडे असं आहे का?

---

भोरकर (भोर तालुका) – ७ ऑक्टोबर २०२४, सकाळी ७:४०

नाही, माझ्याकडे दुपार सपाट आहे. तुमचा लूप ट्यून केलेला आहे म्हणून होतंय, ऑक्टोबर हीटमध्ये गच्ची तापते, कपॅसिटर तापतो, लूप १८.२ वरून सरकतो. ५० वेढ्यांच्या लूपचा शिखराकार बराच टोकदार असतो, बँडविड्थ चारपाचशे हर्ट्झच असेल, त्यामुळे जरा सरकला तरी पातळी पडते. शिवाय तांब्याचा रोध दर दहा अंशाला चार टक्के वाढतो. कपॅसिटर काढूनच टाका, ट्यून न केलेला लूप वापरा, सिग्नल कमी येईल पण खरा येईल. व्हीटीएक्सची ताकद आपल्याकडे मीटरला एक मिलिव्होल्ट धरली तरी तुमच्या लूपमध्ये १९ मायक्रोव्होल्ट तयार होतात, ५५३४ ला ते पुरतात. मग १९.८ पण आपोआप मिळेल.

---

तांब्याची_तार (कोथरूड) – ९ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:३०

परवा रात्री कपॅसिटर काढला, काल केबल वेगळ्या बाजूने आणली. दुपारचा खड्डा गेला! आवाजपण खूप कमी झालाय, माळांची पायरी आता शोधावी लागते.

आणि आज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी सहज स्क्रीन बघितला तर १९.८ आणि १८.२ दोन्ही रेघा चढत होत्या, रिकाम्या जागेची रेघ सपाट. बॅग खाली ठेवून उभाच राहिलो. एनडब्ल्यूसी जास्त चढलं, व्हीटीएक्स थोडं कमी, माथा ७:२८ ला. मंडपात तेव्हा एकही दिवा नव्हता. मोबाइलवर गोजचा ग्राफ उघडला, एक्स १.८, माथा जागतिक वेळेने १:५६ म्हणजे आपले ७:२६. ऑस्ट्रेलियापर्यंतच्या सगळ्या वाटेवर तेव्हा ऊन होतं म्हणून एनडब्ल्यूसीवर एवढं स्वच्छ आलं असावं, काका बरोबर ना?

आईला बोलावून दाखवलं. तिने विचारलं सूर्यावर झालेलं इथे यायला किती वेळ लागला, म्हटलं आठ मिनिटं, मग ती पुढची पाच मिनिटं माझ्या शेजारी बसून रेघ खाली येताना बघत होती.

भोरकर, तुमचा आजचा लॉग बघाल का? घड्याळ लावलेलं असेल तर माथा किती वाजता आहे तेवढं सांगा.

---

भोरकर (भोर तालुका) – ९ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:१०

७:२८. दोन्ही स्टेशनवर.